जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती : एकाच दुकानात दोन्ही कशा नांदवाव्यात?

छपाईच्या धंद्यातील जुन्या माणसाला विचारून पाहा. ऑफसेट मशीन आले तेव्हा त्याने ट्रेडल लगेच भंगारात विकले का? बहुतेकांनी विकले नाही. मजकुराची छपाई ऑफसेटवर गेली, पण बिलबुकाला नंबर टाकणे, पावतीला परफोरेशन मारणे, कार्डाला क्रीझिंग करणे यासाठी ट्रेडल कोपऱ्यात उभेच राहिले. नव्या मशीनने मोठे काम उचलले, जुन्याने आपले ठरावीक काम सांभाळले. दोघांचे जमले आणि दुकानही चालले.

संगणकाच्या बाबतीत मात्र आपण हा शहाणपणा विसरतो. नवा संगणक आला की जुना पुतण्याला खेळायला देऊन टाकतो. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकताना जुनी काढून टाकतो. महिन्याभराने एक जुने गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "मागच्या वेळचेच बिलबुक काढा, फक्त फोन नंबर बदला." फाईल उघडायला जावे तर ती उघडत नाही, किंवा उघडते पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. दहा मिनिटांचे काम दोन दिवसांवर जाते.

हा प्रश्न आताच ऐरणीवर येण्याचे कारण आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्यापूर्वी विंडोज एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी थांबला होता. विंडोज ११ फक्त ६४ बिटची आहे आणि तिच्या अटी बऱ्याच जुन्या संगणकांना पुऱ्या करता येत नाहीत. म्हणजे लहान दुकानदारालाही आज ना उद्या नवे यंत्र घ्यावे लागणार. तेव्हा दुकानातील वीस-पंचवीस वर्षांच्या फाईलींचे काय करायचे, हे यंत्र घेण्याआधीच ठरवलेले बरे.

चांदूर रेल्वेसारख्या गावातले दुकान

चांदूर रेल्वेसारखे एखादे तालुक्याचे गाव डोळ्यांसमोर आणा. बडनेरा–वर्धा रेल्वेमार्गावरचे हे गाव जिल्ह्याने अमरावतीचे, तर लोकसभेसाठी वर्धा मतदारसंघातले. कापूस, सोयाबीन आणि तुरीवर बाजाराची नाडी चालते. अशा गावातील डीटीपी आणि छपाईच्या दुकानात एकाच दिवशी किती तऱ्हेची कामे येतात, ते पाहा. कृषी सेवा केंद्राचे बिलबुक, शाळेच्या संमेलनाची पत्रिका, एका घरची मराठी लग्नपत्रिका, दुसऱ्या घरचा उर्दू-मराठी दावतनामा, रमजानचे सहर-इफ्तारचे वेळापत्रक, दुकानाच्या उद्घाटनाचे फ्लेक्स आणि निवडणूक असेल तर हँडबिले.

यांतील प्रत्येक कामाचे सॉफ्टवेअर वेगळे आणि वेगळ्या काळातले. पावत्या आणि पुस्तिका पेजमेकरमध्ये, पत्रिका कोरल ड्रॉमध्ये, फोटो फोटोशॉपमध्ये, उर्दू इनपेजमध्ये, मराठीचे टंकन श्रीलिपी, आयएसएम किंवा आकृतीवर. प्रत्येकाची आवृत्ती निराळी, आणि फाईल बनली त्या दिवशी जी आवृत्ती होती तिची छाप त्या फाईलवर कायमची पडलेली.

गिऱ्हाईकाची फाईल ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. "तुमच्याकडे आमचे सगळे आहे" या भरवशावर तो दुसऱ्या दुकानात जात नाही. लहान गावात नव्या दुकानाशी स्पर्धा करताना आपल्या हाती असलेले खरे भांडवल हेच आहे.

फाईल अडते कुठे?

फाईल चार ठिकाणी अडते. अडचण नेमकी कोणती हे ओळखता आले तर निम्मे काम झालेच समजा.

पहिली जागा म्हणजे सॉफ्टवेअर. पेजमेकर हे ऑल्डस कंपनीने १९८५ मध्ये काढले. १९९४ मध्ये ही कंपनी अ‍ॅडोबीकडे गेली. २००१ ची ७.० ही पेजमेकरची शेवटची आवृत्ती. अ‍ॅडोबीने १९९९ मध्येच इनडिझाईन आणले होते आणि पुढचा सारा जोर त्यावर दिला. पेजमेकरच्या ६.० ते ७.० पर्यंतच्या फाईली इनडिझाईन सीएस-सिक्सपर्यंत, म्हणजे २०१२ च्या आवृत्तीपर्यंत, उघडता येत होत्या. त्यानंतरच्या इनडिझाईनमध्ये ती सोयच नाही. आज महिन्याच्या वर्गणीवर मिळणारे सर्वांत नवे आणि महाग इनडिझाईन घेतले तरी पेजमेकरमधले जुने बिलबुक त्यात थेट उघडणार नाही. जुने जे करते ते नवे करत नाही, याचे याहून सरळ उदाहरण शोधावे लागणार नाही.

दुसरी जागा म्हणजे अक्षरवळण, म्हणजेच फॉन्ट. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

तिसरी जागा म्हणजे कुलूप. जुन्या मराठी आणि उर्दू सॉफ्टवेअरबरोबर एक लहानसे हार्डवेअर लॉक येत असे. आधी ते प्रिंटरच्या रुंद पॅरलल पोर्टला लागे, पुढे यूएसबीला लागू लागले. नव्या संगणकाला पॅरलल पोर्टच नसतो. यूएसबी लॉक लावता येते, पण त्याचा ड्रायव्हर ३२ बिट विंडोजसाठी लिहिलेला असेल तर ६४ बिट विंडोज तो घेत नाही. सॉफ्टवेअर चांगले, लॉक चांगले, संगणकही चांगला, आणि तरी काम बंद.

चौथी जागा म्हणजे कंपनीची परवानगी. पुष्कळ सॉफ्टवेअर टाकल्यावर कंपनीच्या सर्व्हरकडून ते चालू करून घ्यावे लागते. कंपनीने तो सर्व्हर बंद केला की हातात सीडी असूनही सॉफ्टवेअर नव्याने बसत नाही. अ‍ॅडोबीने क्रिएटिव्ह सूट २ चे असे सर्व्हर बंद केले, तेव्हा ज्यांनी ते विकत घेतले होते त्यांच्यासाठी जानेवारी २०१३ मध्ये वेगळी प्रत आणि क्रमांक द्यावे लागले. प्रत्येक कंपनी प्रत्येक वेळी अशी सोय करीलच, असे धरून चालता येणार नाही. म्हणून चालू स्थितीतले जुने सॉफ्टवेअर काढण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. एकदा काढलेले पुन्हा बसेलच असे नाही.

मराठीचा पेच

मराठी दुकानदाराची खरी अडचण फॉन्टमध्ये आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, पुण्याच्याच सी-डॅकचे आयएसएम आणि त्याचे योगेश, सुरेखसारखे फॉन्ट, बंगळुरूच्या सायबरस्केपची आकृती यांनी महाराष्ट्रातील डीटीपीचा धंदा उभा केला. पण त्यांचे जुने फॉन्ट एका युक्तीवर चालत. फाईलमध्ये साठवले जाई ते इंग्रजी अक्षराच्या जागेवरचे चिन्ह आणि फॉन्ट त्या जागी मराठी अक्षराचा तुकडा काढून दाखवी. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की खिचडी. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. श्रीलिपीचा मजकूर आकृतीच्या फॉन्टमध्ये टाकला तर तो वाचता येत नसे.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच त्यात देवनागरी आहे. पण छपाईच्या सॉफ्टवेअरांनी ती नीट स्वीकारायला वर्षे घेतली. इनडिझाईनमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी धडपणे आली ती सीएस-सिक्समध्ये, आणि कोरल ड्रॉमध्ये एक्स-सिक्समध्ये. दोन्ही आवृत्त्या २०१२ च्या. त्याआधीच्या कोरलमध्ये युनिकोड मराठी टाकली की जोडाक्षरे फुटत आणि वेलांट्या भलत्याच जागी जात. म्हणून दुकानदाराने जुन्या फॉन्टची साथ सोडली नाही, यात त्याचा आळस नव्हता. नवे साधन तेव्हा त्याचे काम करत नव्हते.

आता जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायचा तर कन्व्हर्टर मिळतात. पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. 'कि' लिहिताना आधी ऱ्हस्व वेलांटी, मग 'क'. 'दर्गा' लिहिताना आधी 'गा', मग त्यावरचा रफार. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो. हा क्रम उलटवताना कन्व्हर्टर चुकतो. 'व्यापाऱ्यांचा' मधला 'ऱ्य' हमखास 'र्य' होतो. 'ॲडव्होकेट' मधला 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला, म्हणून जुने कन्व्हर्टर तिथेही अडखळतात. 'रेल्वे' मधला 'ल्वे' फुटून पाय मोडलेला 'ल्' वेगळा पडू शकतो.

यावर एक साधी परीक्षा आहे. जुन्या फॉन्टमध्ये एक ओळ टंकून ठेवा : "चांदूर रेल्वे येथील व्यापाऱ्यांचा कार्यक्रम, दर्ग्यासमोर, ॲड. ज्ञानेश्वर व हाफिज सिद्दीक." कोणताही कन्व्हर्टर घेतला की आधी ही ओळ त्यातून काढा. ती अक्षरशः बरोबर आली तरच पुढचे काम द्या. आणि आपल्या भागात 'रेल्वे' हा शब्द गळाला तर काय होते, हे सांगायला नको. याच जिल्ह्यात चांदूर बाजारही आहे. पत्रिकेवर नुसते 'चांदूर' छापले गेले तर अर्धे पाहुणे भलत्याच गावाला उतरतील!

उर्दूची गोष्ट

उर्दू पत्रिका करणाऱ्या दुकानांना इनपेज माहीत आहे. नस्तालीक लिपीत एक शब्द तिरपा उतरत जातो, अक्षरांचे आकार शेजारच्या अक्षरांप्रमाणे बदलतात, म्हणून ती यंत्रावर बसवणे फार अवघड होते. वृत्तपत्रेदेखील कातिबांकडून हाताने लिहून घ्यावी लागत. मिर्झा अहमद जमील यांनी नूरी नस्तालीकसाठी हजारो तयार जोड, म्हणजे तरसीमे, लिहून काढले आणि १९८१ पासून लाहोरचे 'जंग' त्यावर निघू लागले. दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरने १९९४ मध्ये इनपेज आणले आणि हीच नस्तालीक साध्या संगणकावर आली.

इनपेजच्या जुन्या आवृत्त्यांचे साठवण्याचे संकेत त्यांचे स्वतःचे आहेत. तिथला मजकूर दुसरीकडे थेट चिकटवला की तो वाचता येत नाही. म्हणून दुकानांत सरळ रीत पडली : इनपेजमध्ये मजकूर जुळवायचा, ईपीएस काढायची आणि ती कोरलमध्ये चित्रासारखी आणायची. ही रीत आजही चालते. तिसऱ्या आवृत्तीपासून इनपेज युनिकोड घेऊ लागले, पण जुन्या आवृत्तीतली फाईल नव्यात उघडल्यावर ओळी कुठे तुटल्या, जेर-जबर कुठे सरकले हे पाहावेच लागते. पत्रिकेवर आयत किंवा दुआ असेल तर ती कन्व्हर्टरमधून काढून तशीच छापण्याची हिंमत करू नये. जाणकाराला प्रूफ दाखवून सही घ्यावी. नावांचेही तेच. नुक्ता इकडचा तिकडे झाला की दुल्ह्याचे नाव बदलते, आणि मग छापलेली कार्डे दुकानदाराच्या अंगावर पडतात.

नांदवण्याचे तीन मार्ग

जुने आणि नवे सोबत ठेवण्याचे तीन मार्ग आहेत. आपल्या दुकानाला कोणता परवडतो ते पाहावे.

पहिला मार्ग : एकाच संगणकावर दोन आवृत्त्या. कोरल ड्रॉ, फोटोशॉप किंवा इनडिझाईन यांच्या दोन आवृत्त्या सहसा वेगवेगळ्या फोल्डरमध्ये शेजारी शेजारी बसतात. आधी जुनी टाकावी, मग नवी. नवी टाकताना 'जुनी आवृत्ती काढू का' असा प्रश्न येतो किंवा तशी खूण आधीच केलेली असते, ती वाचून मगच पुढे जावे. वर्गणीच्या अ‍ॅडोबीमध्ये आपोआप अद्ययावत होण्याची सोय चालू असेल, तर मागची आवृत्ती राखण्याचा पर्याय स्वतः निवडावा लागतो. अ‍ॅडोबीने मे २०१३ मध्ये नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर देण्याचे जाहीर केले आणि मे २०१९ मध्ये फार मागच्या आवृत्त्या वापरण्याचा परवानाही काढून घेतला. म्हणून वर्गणीदाराला मागच्या आवृत्त्या किती काळ वापरता येतील, हे कंपनीच्या हाती असते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

या मार्गात गफलत होते ती दोन क्लिकवर फाईल उघडण्यात. फाईल कोणत्या आवृत्तीत उघडेल हे विंडोज ठरवते आणि बहुधा नवी पुढे येते. तिथे एकदा 'सेव्ह' केले की ती फाईल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून आधी सॉफ्टवेअर उघडावे आणि मग आतून फाईल उघडावी, अशी सवय कारागिराला लावावी. परत जुन्यात न्यायची असेल तर कोरलमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' करताना आवृत्ती निवडता येते, आणि इनडिझाईनमधून आयडीएमएल काढता येते. मात्र नव्या सोयी वापरून केलेली सावली, पारदर्शकता वगैरे जुन्यात गेल्यावर बिघडू शकते.

दुसरा मार्ग : दोन संगणक. जुना एक्सपीचा संगणक ट्रेडलसारखा कोपऱ्यात ठेवावा. त्यावर पेजमेकर, जुनी श्रीलिपी, पॅरलल लॉक जसेच्या तसे. फक्त त्याला इंटरनेट मुळीच जोडू नये, कारण त्याला २०१४ नंतर सुरक्षेची नियमित डागडुजी मिळालेली नाही. पेन ड्राईव्ह लावण्यापूर्वी तो नव्या संगणकावर तपासून घ्यावा. लहान दुकानाला हाच मार्ग सर्वांत स्वस्त पडतो. धोका एकच, जुने यंत्र कधीतरी बसणारच. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो, वर विजेचा लपंडाव. अशात जुना एसएमपीएस आणि जुनी हार्ड डिस्क किती दिवस साथ देणार? म्हणून यंत्र धड चालत आहे तोवरच त्याच्या संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी.

तिसरा मार्ग : संगणकाच्या पोटात संगणक. व्हर्च्युअल बॉक्ससारखे मोफत सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर टाकले की त्याच्या आत एक खिडकी उघडते आणि त्या खिडकीत जुने विंडोज स्वतंत्र संगणकासारखे चालते. त्यातले जुने सॉफ्टवेअर आपल्याला वाटते त्याच जुन्या घरात राहते. यूएसबी लॉक त्या आतल्या संगणकाला जोडता येते. पॅरलल लॉकचे मात्र जमणे कठीण. त्या आतल्या विंडोजचाही परवाना आपल्याकडे असावा लागतो. हा मार्ग बसवायला जाणकार लागतो, पण एकदा बसला की तो सगळा आतला संगणक एका फाईलसारखा उचलून दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. पुढच्या वेळी यंत्र बदलताना पुन्हा हीच रडकथा होत नाही.

याशिवाय एक चौथी खिडकीही आहे. लिब्रे ऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर २०१२ पासून कोरल ड्रॉच्या आणि २०१५ पासून पेजमेकरच्या फाईली उघडून दाखवते. मांडणी शंभर टक्के जुळत नाही आणि जुन्या फॉन्टचा पेच सुटत नाही, पण ज्याच्याकडे पेजमेकरच उरले नाही त्याला निदान फाईलच्या आत काय आहे ते पाहता येते आणि मजकूर बाहेर काढता येतो.

कोणती फाईल बदलायची?

सगळ्याच फाईली नव्या आवृत्तीत आणण्याचा हट्ट धरू नये. हिशेब करून पाहा. समजा दुकानात ४,००० फाईली आहेत आणि एका फाईलला सरासरी १५ मिनिटे लागतात. म्हणजे १,००० तास. दिवसाचे ८ तास धरले तर १२५ दिवस. चार महिने दुकान बंद ठेवून फाईली बदलत कोण बसणार? आणि त्यांतल्या बहुतेक लग्नपत्रिका. ते लग्न पुन्हा होणार नाही.

म्हणून तीन ढीग करावेत. पहिला ढीग दरवर्षी परत येणाऱ्या कामांचा : बिलबुके, शाळेची प्रगतिपुस्तके, लेटरहेड, वेळापत्रके. अशा ३०० फाईली असल्या तर ७५ तासांत, म्हणजे नऊ-दहा दिवसांच्या कामात, त्या नव्यात येतात. दुसरा ढीग नमुन्यांचा : पत्रिकांच्या चौकटी, वेलबुट्ट्या, बिस्मिल्लाहची सुलेखने, लोगो. हे धंद्याचे भांडवल, त्यांची चित्रे नव्या आवृत्तीत जतन करावीत. तिसरा ढीग उरलेल्यांचा. त्यांची फक्त पीडीएफ काढून ठेवावी. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसवता येतो, म्हणून कुठल्याही यंत्रावर मजकूर जसाच्या तसा दिसतो. कधी गिऱ्हाईक आलेच तर पाहून नव्याने जुळवता येते.

अमरावतीला किंवा नागपूरला छपाईला, फ्लेक्सला फाईल पाठवताना आपण मजकूर कर्व्हमध्ये करतो. फॉन्ट समोरच्याकडे नसला तरी अक्षर बिघडत नाही, म्हणून ती रीत उत्तम. पण कर्व्ह केलेला मजकूर पुन्हा दुरुस्त करता येत नाही. तो आता चित्र झाला. कित्येक दुकानांत घाईत तीच फाईल सेव्ह होते आणि मूळ नाहीशी होते. प्रत्येक कामाच्या दोन फाईली ठेवाव्यात, नावातच 'मूळ' आणि 'छपाई' असे लिहून. नावात वर्ष आणि आवृत्तीही लिहावी. दोन आवृत्त्या वापरणाऱ्या दुकानात ही शिस्त नसेल तर आज ना उद्या घोटाळा होणारच.

निवडणुकीच्या दिवसांत तर हे फार जपावे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२७-अ प्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे-पत्ते छापणे बंधनकारक आहे. मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मागच्या निवडणुकीची फाईल उघडून नवे पत्रक बनवताना खालची बारीक ओळ जुन्याच प्रकाशकाची राहिली, तर जाब मुद्रकाला द्यावा लागतो.

फक्त छापखान्याचा प्रश्न नाही

लाकडावर सीएनसी यंत्राने नक्षी कोरणाऱ्या सुतारबांधवांनीही हे ध्यानात घ्यावे. दरवाजे-पलंगांच्या नक्षीसाठी आपल्याकडे आर्टकॅम फार चालते. ते बर्मिंगहॅमच्या डेलकॅम कंपनीचे. २०१४ मध्ये ती कंपनी ऑटोडेस्कने घेतली आणि २०१८ मध्ये आर्टकॅम बंदच केले. त्यातूनच पुढे कार्व्हेको हे वेगळे सॉफ्टवेअर निघाले. ज्यांची यंत्रे जुन्या आर्टकॅमवर चालतात त्यांनी आपल्या नक्षीकामाच्या प्रती इतर यंत्रांना चालणाऱ्या सर्वसाधारण स्वरूपातही काढून ठेवाव्यात. संगणकावर भरतकाम करणाऱ्यांनी टाके मारण्याची डीएसटी फाईल आणि जिच्यात नक्षी बदलता येते ती मूळ फाईल, दोन्ही जपाव्यात. नुसत्या डीएसटीवरून नक्षी धडपणे लहान-मोठी करता येत नाही. छापखान्यातला कर्व्हचा धडा इथेही तोच.

डीटीपीवाल्यांपैकी ज्यांच्याकडे पोस्टस्क्रिप्ट टाईप वन जातीचे इंग्रजी फॉन्ट आहेत, त्यांनी आणखी एक पाहावे. अ‍ॅडोबीने फोटोशॉपमध्ये त्यांचा आधार २०२१ मध्ये आणि इतर सॉफ्टवेअरांत जानेवारी २०२३ मध्ये काढून घेतला. जुन्या फाईलमधले हे फॉन्ट नव्या आवृत्तीत दिसणार नाहीत.

परवान्याची गोष्ट

शेवटी एक कडू गोष्ट. जुन्या आवृत्तीच्या नावाखाली पुष्कळ दुकानांत कुठूनतरी आणलेली, कुलूप तोडलेली प्रत चालते. "आता कंपनी विकतच नाही, मग काय हरकत?" असे म्हटले जाते. कंपनीने विकणे थांबवले म्हणून तिचा हक्क संपत नाही. कॉपीराईट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दिवसभर मेहनत करून मिळवलेल्या हलाल कमाईला हा डाग कशाला?

उलट ज्याने रीतसर विकत घेतले आहे, त्याला याच कायद्याचे कलम ५२ सवलत देते. प्रत खराब होईल किंवा हरवेल या भीतीने तो स्वतःसाठी राखीव प्रत काढून ठेवू शकतो. म्हणून जुन्या सीडी आजच हार्ड डिस्कवर उतरवा. त्यांचे बिल, परवान्याचा कागद, क्रमांकाची चिठ्ठी एका पाकिटात घाला आणि लॉकही त्याच पाकिटाजवळ ठेवा. सीडीला बुरशी लागते, चिठ्ठीची शाई उडते, लॉक तर कचऱ्यात जायलाही वेळ लागत नाही. आणि ज्याला परवाना परवडत नाही त्याच्यासाठी स्क्रायबस, इंकस्केप, जिंप ही मोफत आणि कायदेशीर सॉफ्टवेअरे आहेत. नवीन धंदा सुरू करणाऱ्या तरुणांनी यांपासूनच सुरुवात करावी आणि टंकन पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये करावे. म्हणजे वीस वर्षांनी त्यांच्या मुलांना असा लेख वाचावा लागणार नाही.

नवे यंत्र दुकानात आले की किमान एक पूर्ण हंगाम, एक लग्नसराई आणि एक शाळांचा मोसम, जुन्यासोबत चालवून पाहा. वर्षभरात जे काम एकदाही जुन्यावर न्यावे लागले नाही, त्यासाठी जुन्याची गरज उरली नाही असे समजा. जे न्यावे लागले, त्याची यादी करा. मग जुन्या संगणकाचे काय करायचे, हे ती यादीच सांगेल.